गॅरेजच्या दाराबाहेर

ऑनसाइटला गेल्यावर एक शनिवार मोकळा मिळाला, तर मॉल सोडा आणि आपल्या कॉम्प्युटरच्या माहेरी एक चक्कर मारून या...

ऑनसाइटला कॅलिफोर्नियात गेलेल्या मराठी मुलामुलींचे विकेंड कसे जातात, ते आता सगळ्यांना पाठ झालंय. पहिल्या शनिवारी गोल्डन गेट. दुसऱ्या शनिवारी गिल्रॉयचे आउटलेट, कारण घरून भलीमोठी यादी आलेली असते. तिसऱ्या शनिवारी सनीवेलमध्ये डोसा आणि मग एखाद्या बड्या कंपनीच्या पाटीसमोर उभं राहून फोटो. फोटो घरी जातो, आई तो शेजारच्या काकूंना दाखवते, विषय संपला!

चौथ्या शनिवारचं काय? ज्या डब्यासमोर आपण रोज नऊ-दहा तास मान मोडून बसतो, त्याचं माहेर याच भागात आहे. मेन्लो पार्क, पालो अल्टो, माउंटन व्ह्यू, लॉस अल्टोस ही चार गावं एकमेकांना इतकी चिकटलेली, की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. मधून जातो तो 'एल कमिनो रियाल', स्पॅनिश मिशनऱ्यांच्या काळातला जुना राजरस्ता. आज त्याच्या दोन्ही बाजूंना टायरची दुकानं, मोटेल आणि सँडविचवाले दिसतात. या लेखातली सगळी ठिकाणं मिळून चर्चगेट ते अंधेरी एवढ्या अंतरात आरामात बसतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 'दोन पोरं, एक गॅरेज आणि करोडोंची कंपनी' ही स्टोरी आपण कॉलेजपासून ऐकतोय. प्रत्येक मोटिव्हेशनल भाषणात ती असतेच. पण ही ठिकाणं एका दिवसात पाहिली, की लक्षात येतं की गॅरेज हा त्यातला सगळ्यात छोटा भाग होता. खरी मजा आहे ती एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरणाऱ्या माणसांची. कुणी नोकरी सोडून निघालं, कुणी आपलं काम दाखवायला निघालं, तर कुणी दुसऱ्याचं काम बघायला. आणि या येण्या-जाण्यात कुणाचा फायदा झाला, कुणाचा तोटा झाला, हा हिशेब आपल्यासारख्या नोकरदारांनी तर बघायलाच हवा.

तर, गाडीत बसा. क्रम नकाशाचा धरू नका, सालांचा धरा. थोडं मागे-पुढे होईल, पण अंतरं छोटी आहेत.

पहिला स्टॉप : ५३८ डॉलर

पालो अल्टोच्या स्टेशनवर उतरलात तर वीस-पंचवीस मिनिटं चालत ॲडिसन अॅव्हेन्यू येतो. शांत गल्ली, मोठी झाडं, लाकडी घरं. ३६७ नंबरच्या घरासमोर एक पाटी आहे : 'सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान'. घराच्या बाजूने आत जाणारी छोटी वाट आणि टोकाला एक शेड. रुंदी बारा फूट, लांबी अठरा फूट. आपल्याकडच्या चाळीतली खोली म्हणा ना!

१९३८ मध्ये बिल ह्यूलेट आणि डेव्ह पॅकार्ड या स्टॅनफर्डच्या दोन मित्रांनी ही जागा भाड्याने घेतली. महिन्याला ४५ डॉलर भाडं. डेव्ह आणि त्याची बायको ल्युसिल तळमजल्यावर राहायचे, बिल मागच्या अंगणातल्या खोपटात झोपायचा आणि काम गॅरेजमध्ये चालायचं. भांडवल ५३८ डॉलर. कंपनीला कुणाचं नाव आधी द्यायचं हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं, अशी कथा आहे. पहिलं प्रॉडक्ट होतं ऑडिओ ऑसिलेटर, म्हणजे आवाजाची यंत्रं तपासण्यासाठी नेमक्या कंपनसंख्येचा सिग्नल देणारं उपकरण. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने त्यातले आठ विकत घेतले. 'फँटेसिया' या १९४० च्या सिनेमाच्या ध्वनियंत्रणेसाठी ते वापरले गेले.

लक्षात घ्या, इथे कॉम्प्युटर नव्हता. पण एक पद्धत सुरू झाली. या दोघांना 'इथेच राहा, इथेच कंपनी काढा' असं सांगणारे होते त्यांचे प्रोफेसर, फ्रेडरिक टर्मन. त्या काळी हुशार पोरं डिग्री घेऊन नोकरीसाठी पूर्व किनाऱ्यावर जायची. टर्मनना ते खुपायचं. पुणे-मुंबईला पोरं निघून जातात म्हणून हळहळणारे सर आपल्या सगळ्यांच्या गावी असतात. या सरांचं ऐकणारे दोघं निघाले, एवढाच फरक!

तेव्हा या सगळ्या खोऱ्यात फळबागा होत्या. जर्दाळू, चेरी, आलुबुखार. वसंतात डोंगरावरून पाहिलं की खाली नुसता मोहोर दिसायचा. 'सिलिकॉन व्हॅली' हे नाव छापून आलं ते थेट १९७१ मध्ये, डॉन हॉफ्लर या पत्रकाराच्या लेखात. बागा गेल्या, पण लॉस अल्टोस आणि सनीवेलमध्ये जर्दाळूची एकेक जुनी बाग आठवण म्हणून राखून ठेवली आहे.

गॅरेज आतून बघता येत नाही. फुटपाथवरून फोटो काढायचा आणि निघायचं.

दुसरा स्टॉप : बॉसला कंटाळलेले आठ जण

माउंटन व्ह्यूमधल्या ३९१, सॅन अँटोनियो रोडवर आता नवी कोरी ऑफिसं आहेत. जुनी शेड पाडली गेली. पण फुटपाथवर थांबून वर बघा. इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट राक्षसी आकारात उभे केलेले दिसतील. कंपन्या आपल्या मालकांचे पुतळे उभारतात, इथे ट्रान्झिस्टर आणि डायोडचे पुतळे आहेत!

इथे १९५६ मध्ये विल्यम शॉकली यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी त्याच वर्षी त्यांना दोन सहकाऱ्यांसोबत नोबेल मिळालं. ते याच भागात आले त्याचं एक कारण अगदी घरगुती होतं. त्यांची आई पालो अल्टोत राहायची. त्यांनी देशभरातून एकाहून एक हुशार तरुण गोळा केले. माणसं ओळखण्यात शॉकली नंबर एक, माणसं सांभाळण्यात मात्र शून्य. कुणावर विश्वास नाही, सारखा संशय. एकदा तर किरकोळ अपघातामागे कुणाचा तरी घातपात आहे असं वाटून त्यांनी स्टाफची लाय डिटेक्टर टेस्ट घ्यायचं काढलं. असा बॉस वाट्याला आलेल्यांना पुढचं सांगायला नकोच.

१९५७ मध्ये आठ जणांनी एकदम राजीनामे दिले. इतिहासात ते 'ट्रेटरस एट', म्हणजे 'आठ गद्दार' म्हणून ओळखले जातात. करार म्हणून त्यांनी आणि त्यांना पैसे मिळवून देणाऱ्या दोघा बँकर्सनी डॉलरच्या नोटांवर सह्या केल्या. मग त्यांनी काढली फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर. तिची जागा चार्ल्सटन रोडवर, इथून जवळच. तिथेच १९५९ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी एका सिलिकॉनच्या तुकड्यावर अख्खं सर्किट बसवण्याची रीत मांडली. पुढे १९६८ मध्ये नॉइस आणि गॉर्डन मूर हे दोघं फेअरचाइल्डमधूनही बाहेर पडले आणि त्यांनी काढली इंटेल. १९७१ मध्ये इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो मुळात एका जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनवला होता.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न : यांना कुणी अडवलं कसं नाही? समोरच्या गल्लीत जाऊन त्याच धंद्यात कंपनी काढली, तरी शॉकली गप्प?

याचं उत्तर कायद्यात आहे. 'नोकरी सोडल्यावर आमच्या स्पर्धकाकडे जायचं नाही' ही अट कॅलिफोर्नियात चालत नाही. ही तरतूद १८७२ सालच्या कायद्यातून आलेली आहे. आणि आता गंमत ऐका. आपला भारतीय करार कायदाही १८७२ चाच, आणि त्याचं कलम २७ जवळपास हेच सांगतं. कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. दोन्हींचं मूळ डेव्हिड डडली फील्ड या न्यूयॉर्कच्या वकिलाने केलेल्या मसुद्यात सापडतं. म्हणजे सॅन अँटोनियो रोडवरची आणि हिंजवडीतली ही अट एकाच आज्याची नातवंडं! (बाँड आणि नोटीस पीरियड हा मामला मात्र वेगळा. नोकरीत असेपर्यंतच्या अटींना आपली कोर्टं मान्यता देतात. त्यामुळे हा लेख एचआरला दाखवून काही होणार नाही.)

शॉकलींच्या कंपनीला ट्रान्झिस्टरच्या धंद्यात कधीच यश मिळालं नाही. त्यांच्या दारातून बाहेर पडलेल्यांनी मात्र अख्खी व्हॅली उभी केली.

तिसरा स्टॉप : लाकडी माऊस

आता वर, मेन्लो पार्कला. रेव्हन्सवुड अॅव्हेन्यूवर एसआरआय ही संशोधन संस्था आहे. आधी तिचं नाव स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट होतं. बाहेरून बघितलं तर एखाद्या सरकारी कॉलनीसारख्या बैठ्या इमारती. 'इथे काय बघायचं?' असं बरोबरचा मित्र नक्की विचारेल. त्याला त्याचा उजवा हात दाखवा.

डग्लस एंगेलबार्ट इथे काम करायचे. ज्या काळात कॉम्प्युटर म्हणजे पंचकार्डांचा गठ्ठा देऊन दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायला जायचं यंत्र होतं, त्या काळात यांच्या डोक्यात वेगळंच चक्र चालू होतं. माणसाने स्क्रीनसमोर बसावं, स्क्रीनवर शब्द हलवावेत, एका मजकुरातून दुसऱ्यात उडी मारावी, दूर बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच कागदावर काम करावं. यासाठी हातात धरायचं काहीतरी हवं होतं. १९६४ मध्ये त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला नमुना बनवला. लाकडाचा ठोकळा, खाली दोन चाकं, वर एक बटण. हाच पहिला माऊस.

९ डिसेंबर १९६८, सोमवार. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत एंगेलबार्ट स्टेजवर बसले. कानाला हेडसेट, हाताखाली माऊस. त्यांचा कॉम्प्युटर मात्र पन्नासेक किलोमीटर दूर, इथे मेन्लो पार्कमध्ये! मायक्रोवेव्हने जोडलेला. समोर सुमारे हजार लोक. दीड तास त्यांनी लाइव्ह डेमो दिला. शब्द कापून दुसरीकडे चिकटवले, लिंकवर क्लिक केलं, मेन्लो पार्कच्या सहकाऱ्याचा चेहरा स्क्रीनवर आणून त्याच्याशी बोलत बोलत दोघांनी एकाच मजकुरावर काम केलं. आपण लॉकडाऊनमध्ये शिकलो ते या माणसाने १९६८ मध्ये करून दाखवलं होतं. 'मदर ऑफ ऑल डेमोज' हे नाव त्याला नंतर पडलं, उगीच नाही.

पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९६९ ला, आर्पानेटचा पहिला संदेश लॉस एंजेलिसहून इथेच येऊन पोचला. 'लॉगिन' लिहायचं होतं. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरं आली आणि सिस्टिम कोसळली. इंटरनेटच्या पूर्वजाची सुरुवातच क्रॅशने झाली, हे आपल्या सपोर्ट टीमला जरूर सांगा!

आणि एंगेलबार्ट? माऊसचं पेटंट एसआरआयच्या नावावर होतं. त्यांच्याच सांगण्यानुसार, संस्थेने त्याचं लायसन्स अॅपलला ४० हजार डॉलरच्या आसपास दिलं. त्यांना स्वतःला रॉयल्टी म्हणून काही मिळालं नाही. सत्तरच्या दशकात त्यांचा निधी आटला, माणसं एकेक करून निघून गेली. बिल इंग्लिशही गेले. सन्मान आले, पण खूप उशिरा. १९९७ मध्ये ट्युरिंग अॅवॉर्ड, २००० मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक. २०१३ मध्ये ते गेले.

माणसं निघून कुठे गेली? तेच पुढचं ठिकाण.

चौथा स्टॉप : झेरॉक्सच्या टेकडीवर

आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात आपण 'झेरॉक्स काढतो', तीच ही कंपनी. १९७० मध्ये तिने पालो अल्टो रिसर्च सेंटर सुरू केलं. आद्याक्षरं जोडून नाव झालं 'पार्क'. आजची इमारत कायोटी हिल रोडवर, गवताळ टेकडीच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांसारखी बसवलेली. जागा इतकी शांत की इथे बसून कुणालाही काहीतरी सुचेल असं वाटतं.

आणि सुचलंच! १९७३ मध्ये इथल्या लोकांनी 'आल्टो' बनवला. कागदासारखी उभी स्क्रीन, माऊस, स्क्रीनवर हवी ती आकृती आणि हवा तो टाइप. त्याच वर्षी बॉब मेटकाफ यांनी इथरनेटचा मेमो लिहिला. गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर बनवला. अॅलन के, अॅडेल गोल्डबर्ग, डॅन इंगल्स यांनी स्मॉलटॉक ही भाषा तयार केली. मीटिंगला खुर्च्यांऐवजी बीनबॅग. आज स्टार्टअपवाले ज्याला 'कूल कल्चर' म्हणतात, ते इथे पन्नास वर्षांपूर्वीच होतं.

पण झेरॉक्सने आल्टो बाजारात विकायला काढलाच नाही. साहेब लोक हजारो मैल दूर, पूर्व किनाऱ्यावर. त्यांना कॉपीचे पैसे मोजायची सवय. जिथे कागदच लागणार नाही अशा यंत्रात त्यांना धंदा दिसेना.

डिसेंबर १९७९ मध्ये अॅपलचा स्टीव्ह जॉब्ज आपली टीम घेऊन आला. मोबदल्यात झेरॉक्सला अॅपलचे दहा लाख डॉलरचे शेअर घेता आले होते, म्हणजे ही काही चोरी नव्हती. अॅडेल गोल्डबर्ग यांनी मात्र जोरदार विरोध केला. आपण घरातला दागिना परक्याच्या हातात देतोय, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. वरून ऑर्डर आली तेव्हाच त्यांनी डेमो दिला. अॅपलमध्ये चित्रमय स्क्रीनवर विचार आधीच सुरू होता, पण या भेटीने त्याला जोर आला. झेरॉक्सने १९८१ मध्ये आपला 'स्टार' आणला, किंमत १६,५९५ डॉलर. अॅपलने २४ जानेवारी १९८४ ला मॅकिंटॉश आणला, किंमत २,४९५ डॉलर. पुढे काय झालं ते आपल्याला माहीतच आहे.

झेरॉक्सचं सगळंच बुडालं असं नाही. एकट्या लेझर प्रिंटरने पार्कचा सगळा खर्च भरून दिला असं मानलं जातं. २०२३ मध्ये झेरॉक्सने पार्क देऊन टाकलं. कुणाला? एसआरआयला! ज्या घरातून माणसं निघून इथे आली, त्याच घराकडे पार्क गेलं.

पाचवा स्टॉप : पावसातला बुधवार

इथवर आपण मोठमोठ्या संस्थांत फिरलो. पण कॉम्प्युटर 'पर्सनल' झाला तो पगारी माणसांनी रात्री जागून केलेल्या उद्योगांतून.

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या कव्हरवर 'अल्टेअर ८८००' झळकला. न्यू मेक्सिकोतल्या एमआयटीएस या छोट्या कंपनीने बनवलेलं किट. किंमत ३९७ डॉलर. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. पुढच्या बाजूला नुसती बटणं आणि लाल दिवे. मेमरी २५६ बाइट, म्हणजे एक मोठा एसएमएस मावणार नाही एवढी! तरी लोक वेडे झाले. आपला स्वतःचा कॉम्प्युटर, घरात!

५ मार्च १९७५, बुधवार, पाऊस. मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक लोक जमले. बोलावणं पाठवलं होतं फ्रेंच आणि फ्रेड मूर यांनी. मूर हे शांततावादी कार्यकर्ते, पैशापेक्षा माणसं जोडण्यात रस असलेले. मधोमध एक अल्टेअर ठेवलेला. हीच 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'ची पहिली बैठक. पुढच्याच महिन्यात एका सभासदाने अल्टेअर शाळेच्या खोलीत आणला, बटणं खालीवर करून अर्धा तास प्रोग्राम भरला आणि शेजारी एक ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला. कॉम्प्युटरमुळे रेडिओत जी खरखर यायची, तिचाच त्याने सूर केला होता. रेडिओतून बीटल्सचं गाणं वाजायला लागलं. खोलीत टाळ्यांचा कडकडाट!

मग गर्दी वाढली आणि बैठका स्टॅनफर्डच्या लिनिअर अॅक्सिलरेटर सेंटरच्या सभागृहात व्हायला लागल्या. ली फेल्सेनस्टाइन सूत्रसंचालन करायचे. आधी ज्याला जे हवं असेल, जे माहीत असेल ते त्याने उभं राहून सांगायचं. मग सगळे आपापल्या माणसाला गाठायचे. पार्ट, सर्किटचे नकाशे, सल्ले, सगळ्यांची देवाणघेवाण.

पहिल्या बैठकीला एक लाजाळू पोरगा मागे बसलेला होता. स्टीव्ह वॉझ्नियॅक, वय २४, नोकरी एचपीत, कॅल्क्युलेटर विभागात. ५३८ डॉलरवाल्या त्याच एचपीत! त्या रात्री घरी जाऊन त्याने कागदावर जे रेखाटलं, त्यातून पुढे अॅपल वन झाला. सर्किटचे नकाशे त्याने क्लबमध्ये फुकट वाटले. आधी आपल्या कंपनीला विचारलंही. एकदा नाही, पाच वेळा, असं तो सांगतो. एचपीने नाही म्हटलं.

सहावा स्टॉप : हॉटेल नाही, प्रश्न आहे

आता एल कमिनो रियालवर पालो अल्टोच्या दक्षिण टोकाला या. 'रिकीज हयात हाउस' नावाचं प्रसिद्ध हॉटेल इथे होतं. ते पाडून तिथे आता घरं झाली आहेत. बघायला काहीच नाही. तरी दोन मिनिटं गाडी थांबवाच.

जून १९७५ मध्ये एमआयटीएसने या हॉटेलात अल्टेअरचं प्रदर्शन भरवलं. मशीनवर एक नवा प्रोग्राम चालू होता. बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी माँटी डेव्हिडॉफच्या मदतीने लिहिलेला बेसिक. अल्टेअर माणसाच्या भाषेच्या जवळ आणणारा. तो होता भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर. गर्दीत ती पट्टी कुणीतरी उचलली. होमब्रूच्या एका सभासदाने तिच्या डझनांनी कॉप्या काढल्या आणि पुढच्या बैठकीत वाटल्या. अट एकच : एक न्या, जास्त करून परत आणा.

३ फेब्रुवारी १९७६ ला वीस वर्षांच्या गेट्सने 'हौशी लोकांना खुलं पत्र' लिहिलं. त्याचा मुद्दा साधा होता. हार्डवेअरला पैसे मोजता, मग सॉफ्टवेअर फुकट का? आम्ही वापरलेल्या कॉम्प्युटर टाइमचीच किंमत ४० हजार डॉलरच्या वर आहे आणि मिळालेल्या रॉयल्टीचा हिशेब केला तर आमच्या कामाचा मोबदला तासाला दोन डॉलरही पडत नाही. असं असेल तर चांगलं सॉफ्टवेअर कोण लिहील?

क्लबमध्ये लोक भडकले. आपण कुणाच्या बाजूने? विचार करून सांगा हं. महिन्याच्या शेवटी आपल्या खात्यात जो पगार जमा होतो, तो गेट्सचा मुद्दा जगाने मान्य केला म्हणून. आणि रोज ऑफिसात अडलं की ज्या फुकटच्या कोडवर, अनोळखी माणसाने दिलेल्या उत्तरावर आपलं गाडं पुढे सरकतं, ते होमब्रूच्या सवयीमुळे. एंगेलबार्टना काय मिळालं ते आठवलं की गेट्स पटतो. वॉझ्नियॅकचे फुकट नकाशे आठवले की क्लब पटतो. जिथे एक हॉटेल उभं होतं तिथे हा तंटा सुरू झाला आणि आपण सगळे त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी नोकरी करतो.

सातवा स्टॉप : दुसरं गॅरेज

लॉस अल्टोसमधल्या क्रिस्ट ड्राइव्हवरचं बैठं घर. इथे स्टीव्ह जॉब्ज लहानाचा मोठा झाला. २०१३ मध्ये गावाने या घराला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. बाहेर कायम कुणीतरी फोन समोर धरून उभं असतं.

१ एप्रिल १९७६ ला जॉब्ज, वॉझ्नियॅक आणि रोनाल्ड वेन यांनी अॅपल काढली. वेनने बारा दिवसांत अंग काढून घेतलं आणि आपला दहा टक्के हिस्सा ८०० डॉलरला सोडला. (हा आकडा वाचून आपल्या जुन्या कंपनीच्या सोडलेल्या स्टॉक ऑप्शनचं दुःख जरा हलकं होतं!) पहिली मोठी ऑर्डर दिली पॉल टेरेल यांच्या 'बाइट शॉप'ने. ५० बोर्ड, प्रत्येकी ५०० डॉलर. टेरेल भेटले होते होमब्रूमध्येच. भांडवलासाठी जॉब्जने आपली फोक्सवॅगन व्हॅन विकली, वॉझ्नियॅकने आपला एचपीचा कॅल्क्युलेटर.

आणि गॅरेज? २०१४ मध्ये खुद्द वॉझ्नियॅकनेच सांगून टाकलं, की गॅरेजची कथा बरीचशी मिथक आहे. डिझाइन तिथे झालं नाही, उत्पादन तिथे झालं नाही. तयार बोर्ड तिथे आणून, चालतात का बघून, पुढे पोचवायचे एवढंच. बरंचसं डिझाइन त्याने एचपीतल्या आपल्या डेस्कवर बसून केलं होतं.

म्हणजे फोटो काढायचा तर कशाचा काढायचा? एचपीचं डेस्क ज्याने त्याला चिप आणि सवलत दिली, होमब्रूचं सभागृह जिथे त्याचं कौतुक झालं, ज्यांच्यातल्या दोघांनी पुढे इंटेल काढली ते आठ गद्दार, मेन्लो पार्कचा लाकडी ठोकळा... गॅरेज एका फोटोत मावतं, म्हणून लोक त्याचाच काढतात.

शेवटचा स्टॉप : म्युझियम

दिवसाचा शेवट करा माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये. दिवसभर बंद दारांपुढे उभं राहिल्यावर इथे सगळं आत जाऊन बघता येतं. अल्टेअर, आल्टो, अॅपल वन, एंगेलबार्टच्या माऊसचा नमुना, आणि गोल सोफ्यासारखा दिसणारा क्रे-वन सुपरकॉम्प्युटर. आयबीएम १४०१ हे १९५९ चं धूड इथे दुरुस्त करून चालू ठेवलंय. ठराविक दिवशी पांढऱ्या केसांचे स्वयंसेवक ते सुरू करतात. पंचकार्डं सटासट आत जातात, प्रिंटर कडकडतो, जमीन हलकीशी थरथरते. हे स्वयंसेवक त्या काळातले जुने इंजिनिअर. एखादा प्रश्न विचारून बघा, अर्धा तास सुटका नाही! हातातलं काम सोडून समोरच्याला समजावून सांगायची त्यांची हौस बघितली, की होमब्रूचं सभागृह कसं असेल याचा अंदाज येतो.

सोमवारी ऑफिसला जाल तेव्हा गळ्यात अॅक्सेस कार्ड असेल, दारं बीप करून उघडतील आणि डेस्कवरच्या माऊसवर हात जाईल. आपल्या टीममध्ये मागच्या रांगेत बसून घरी काहीतरी जुळवणारा एखादा पोरगा किंवा पोरगी नक्की असेल. 'दाखव की जरा' एवढं म्हणून बघा. आणि दाखवल्यावर श्रेय त्याच्याच नावावर राहील, याचीही काळजी घ्या.

जाण्यापूर्वी...

• सॅन फ्रान्सिस्कोहून कॅलट्रेनने मेन्लो पार्क, पालो अल्टो, माउंटन व्ह्यू तिन्ही स्टेशनं मिळतात. २०२४ पासून या मार्गावर विजेच्या गाड्या धावतात. पण पार्क आणि लॉस अल्टोससाठी गाडी हवीच.

• एचपीचं गॅरेज आणि क्रिस्ट ड्राइव्हचं घर फुटपाथवरूनच बघायचं. दोन्हीकडे आजूबाजूला माणसं राहतात. आवाज, ड्राइव्ह-वेवर पार्किंग, बेल वाजवणं, काही नको.

• एसआरआय आणि पार्क या चालू संस्था आहेत, आत प्रवेश नाही. टेकडीचा रस्ता मात्र संध्याकाळी सुरेख दिसतो.

• म्युझियम आठवड्यातले काही दिवस बंद असतं आणि जुन्या मशीनचे डेमो ठराविक दिवशीच होतात. निघण्याआधी वेळा बघून घ्या, आणि किमान तीन तास हाताशी ठेवा.